चारही रकाने

आग विझवायचे लाल सिलिंडर तपासायला आमच्या कारखान्यात वर्षातून चार वेळा माणूस येतो. यंदा तो जानेवारीत आला, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून धापा टाकत बसला आणि म्हणाला, "सारखं सारखं हे जिने कोण चढणार?" मग त्याने प्रत्येक सिलिंडरच्या कार्डावरचे चारही रकाने तिथेच भरून टाकले: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. सगळीकडे शेरा एकच, 'उत्तम'. मॅनेजरने चहा पिता पिता, न वाचताच, शेजारी सह्या ठोकल्या.

मे महिन्यात पॅकिंगच्या खोलीतल्या पुठ्ठ्यांनी पेट घेतला. पॅकिंगवाल्या मावशींनी सिलिंडर उचलून खटका दाबला, तर तो नुसता फुस्स करून गप्प बसला. शेवटी त्यांनीच ओल्या गोणपाटाने आग बडवून बडवून विझवली. त्यात भुवया जळाल्या, तळहात भाजला.

दुसऱ्याच दिवशी चौकशीचे साहेब आले. मावशी हाताला पट्टी बांधून दारात उभ्या होत्या. साहेबांनी कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं आणि अगदी गोड आवाजात मॅनेजरला विचारलं, "ऑक्टोबरच्या तपासणीत हा सिलिंडर उत्तम होता म्हणे. सही तुमचीच ना?"

मावशींनी हळूच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मॅनेजरला मात्र कुठला धीर निघतोय!



"म्हणजे काय साहेब! ऑक्टोबरात तो माणूस तपासत होता, तेव्हा मी स्वतः शेजारी उभा होतो."