हाकेची दिशा

मनाचा विकार जडल्यापासून शिंप्याच्या लेकीस हाक कोणत्या दिशेने आली, याचा उलगडाच होत नसे. पित्याने मागून हाक मारावी, तर ती खिडकीकडे वळे; तिथे कोणीच न दिसल्याने तिचा चेहरा पांढराफटक पडे. म्हणून हाक मारताच, ती वळेल तिकडे शिंपी गळ्यातला टेप सावरीत धावत जाऊन उभा राही.

"इथेच तर आहे गं! हा म्हातारा कुठे पळून जाणार?"

आज त्याने दारातून हाक मारली. ती सावकाश कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळली. शिंपी धापा टाकीत तिथे पोहोचला.

"बसा, बाबा. खुर्ची बघूनच वळले. हाक कुठून येते ते अजूनही कळत नाही मला. पण तुमचे गुडघे दुखतात, ते कळतं."