पोटात धान्य आढळले

धुरपदाबाईंनी रेशन दुकानातल्या यंत्राच्या नळीत फुंकर मारली आणि लाल दिवा लागला. यंत्र बोललं, "पोटात धान्य आढळले. अपात्र."

"आजी, काय खाऊन आलात?" दुकानदार टोंपेने वैतागून विचारलं.

"दोन दिस काय न्हाई बघा. येताना शेजारणीनं अर्धी भाकर हातावर ठिवली. दारातनं तसंच कसं जाऊ द्यावं म्हनली."

"मग आता पुढच्या महिन्यात या. खऱ्या भुकेल्यालाच धान्य, असा कायदा आहे."

तो कायदा करवून घेणारे आमदार राजूरकर नेमके आज पाहणीला आले होते. शेतीचं अनुदान आणि फुकट्यांचं धान्य यांवर ते सभागृहात तीन तास कडाडले होते. कॅमेरे दिसताच त्यांनीही नळी हातात घेतली आणि आधी दणदणीत ढेकर दिला. तुपातल्या साबुदाणा खिचडीचा वास दुकानभर पसरला. आज त्यांची चतुर्थी होती.

हिरवा दिवा लागला. "पात्र." दहा किलो ज्वारीची पिशवी धपकन खाली पडली.

टोंपे गडबडला. "साहेब, यंत्र चुकलं वाटतं."

"चुकेल कसं? उपवासाचं खाणं मोजायचं नाही, ही दुरुस्ती माझीच. लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न होता."

ड्रायव्हरने पिशवी गाडीत टाकली. आमदारांनी मिशीवरचं दाण्याचं कूट पुसलं आणि धुरपदाबाईंच्या पाठीवरून तोच हात फिरवला.

"आजी," ते मायेने म्हणाले, "तुम्हीही उपवास धरत जा."