सतरा मे

रालित्सानं संग्रहालयातल्या पेटीचं झाकण उघडलं. टाचणीनं टोचलेल्या रातकिड्यांवर पाण्याचे थेंब धरले होते.

नमुने खाणारी कीड मरावी म्हणून वसंतात प्रत्येक पेटी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवतात. बाहेर काढली की दिवसभर झाकणाला हात लावायचा नाही. हे तिला काय माहीत नव्हतं? पण व्हिएन्नाच्या संशोधक बाई अकराला येणार होत्या, फक्त एक रातकिडा बघायला. त्या जातीचा तेवढा एकच मिळालेला, आणि त्याची गुहा पुढं धरणात बुडाली.

किड्याखाली, त्याच टाचणीत, कॉपिंग पेन्सिलीनं, ओल लागली की शाईसारखी विरघळते तिनं, लिहिलेली चिठ्ठी होती. ती कोरडी करायला तिनं टिपकागद लावला. गुहेचं नाव, तारीख, सगळं जांभळं होऊन टिपकागदात उतरलं.

"मेले मी!" ती पुटपुटली. नोकरीचा तिसराच महिना. चिठ्ठी गेली की रातकिडा म्हणजे खिडकीत मेलेली माशी, असं विभागप्रमुख दोब्रेव सर उठताबसता सांगायचे. गेल्या वर्षी एकीनं दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, तिला त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी कायमचं घरी पाठवलं होतं.

तेवढ्यात सरच आत आले, निळा डगला घालून.

"अशी भुतासारखी काय उभी आहेस, पोरी?"

"सर, मी... पेटी लवकर उघडली."

ते वाकले. जांभळा टिपकागद उचलून पाहिला. मग सरांनी जाऊन दाराला कडी घातली.

"काय होतं त्यावर, आठवतं?"

"गुहेचं नाव आठवतं. तारीख सतरा. मे... की जून?"

"मे."

"तुम्हाला पाठ आहे, सर?" तिच्या जिवात जीव आला.

"पाठ कसली! मीच ठरवलेली आहे. एकाहत्तर साली वाळलेले पाय मऊ करायला हा किडा दमट बरणीत ठेवला आणि चिठ्ठी काढायचीच विसरलो, गाढव! शाई गेली. ज्यांनी पकडला ते गुरुजी आधीच वारलेले. विचारणार कुणाला? जूनमध्ये ते समुद्रावर जायचे, म्हणून मे घातला."

"आणि सतरा?"

"काहीतरी घालायला हवंच होतं ना."

रालित्सानं भिंतभर पेट्यांकडे पाहिलं. चार हजार चिठ्ठ्या. आता तिला सरांची भीती वाटेना, त्या पेट्यांची वाटायला लागली.

दारावर टकटक झाली. सरांनी जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "लिही. माझा हात कापतो."

तिनं लिहिलं, चिठ्ठी टाचणीत अडकवली आणि सरांनी कडी काढली.

व्हिएन्नाच्या बाईंनी भिंगातून रातकिडा पाहिला, चिठ्ठी वाचली, वहीत उतरवून घेतली.

"माझं सहा वर्षांचं काम या एका तारखेवर उभं आहे," त्या हसून म्हणाल्या. "नक्की आहे ना?"

दोब्रेव सर रुमाल काढून चष्मा पुसायला लागले.

"हो," रालित्सा म्हणाली. "सतरा मे."