खुंटीवरचा कोट

मेन्यूकार्ड कुणी आणलंच नाही. एलीज बसते न बसते तोच गम्बोच्या दाट रश्श्याचा वाफाळता वाडगा समोर आला. आत भाताचा ढीग, त्यावर बटाट्याच्या सॅलडचा गोळा, तिला आवडतो तसा. आवडतो असं ती कधीतरी एकदा म्हणाली होती. तेव्हापासून तिला विचारलं गेलं नव्हतं.

खरं तर आज लाफायेतला जायचं होतं, कुणी ओळखणार नाही अशा जागी. तिथे ती ब्लेनला सांगणार होती की आपण लग्न करायला नको. पण पुलाशी येताच त्याने गाडी वळवली. "आईने सकाळपासून चूल सोडलेली नाही गं. नाही गेलो तर तोंड पाडून बसेल." आणि आता ती त्याच्याच घरच्यांच्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या बाकावर, भिंतीला टेकून बसली होती. बाहेरच्या बाजूला ब्लेन. त्याच्या पुढ्यात, येण्याजाण्याची वाट अडवून, त्याचा काका ड्यूई मांडीवर अकॉर्डियन घेऊन बसला होता.

भिंतीवर या घरातल्या जोडप्यांचे फोटो होते, सगळे याच बाकावर काढलेले. शेवटच्या फोटोशेजारी एक नवा खिळा ठोकलेला होता. खाली बाकावर प्लास्टरची भुकटी अजून तशीच होती. एलीजने ती बोटाने टिपली.

"खा की गं!" ब्लेनची आई, वर्ना, एप्रनला हात पुसत आली. "आणि हे बघ, माझा खांदा आता कामातून गेला. यापुढे रू तू ढवळायचा. घरच्या बाईशिवाय त्या पातेल्याला मी कुणाला हात लावू देत नाही."

रू म्हणजे गम्बोचा पाया: तेलात पीठ घालायचं आणि ते काळपट तपकिरी होईपर्यंत ढवळत राहायचं. मध्ये उठता येत नाही. नजर हटली की करपतं, आणि करपलेलं सगळं फेकून द्यावं लागतं. एलीजला हे ठाऊक होतं.

"मला नाही जमणार ते."

"मला तरी कुठे जमत होतं? सासूने किती पातेली फेकायला लावली, विचार तिला!" वर्ना हसली. शेजारची टेबलंही हसली. त्या टेबलांवर सगळे नात्यातलेच होते.

एलीज ब्लेनकडे वळली. "मला तुझ्याशी बोलायचंय. जरा बाहेर जाऊ या?"

"बाहेर गारठा आहे. इथेच बोल ना. सगळे घरचेच तर आहेत."

"म्हणूनच."

"लाजतेय रे पोरगी!" ड्यूई मोठ्याने म्हणाला. "आजकाल भारी बोलावं लागतं बुवा. आमच्या आईच्या, ह्या मॉमॉच्या वेळी बरं होतं. पोरगा मागणी घालायला यायचा, कोट काढून ठेवायचा. पोरीला पसंत नसला तर ती मुकाट्याने त्याचा कोट आणून त्याच्या हातात द्यायची. संपला विषय! आईबापसुद्धा मग चकार शब्द काढायचे नाहीत. मॉमॉने तिघांना असं वाटेला लावलं. चौथा आमचा बाप. त्याला कसा लावणार? त्याच्याकडे कोटच नव्हता!"

हॉटेलभर हशा पिकला. फक्त मॉमॉ, ब्लेनची आजी आणि वर्नाची सासू, हसली नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून ती कोळंबी सोलत होती. तिची नजर एलीजच्या वाडग्यावर होती. वाडगा भरलेलाच होता आणि वरचा तेलाचा तवंग थिजत चालला होता.

वर्नाने कुणाला तरी खूण केली. दिवे मंद झाले. ड्यूईने अकॉर्डियनवर हळूच एक वॉल्ट्झ सुरू केला. ब्लेनने शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे खिसे चाचपले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"माझा कोट! आई, खुंटीवरचा माझा कोट दे ना."

"मी आणते," मॉमॉ म्हणाली. हात पुसून ती सावकाश उठली, खुंटीवरून कोट काढला आणि टेबलांमधून वाट काढत आली. ब्लेनने हात पुढे केला. त्या हाताला वळसा घालून तिने कोट एलीजच्या मांडीवर ठेवला.

"अगं मॉमॉ, मला! तिला काय देतेस?" ब्लेन हसत म्हणाला.

"मॉमॉला चष्मा करा रे नवा!" कुणीतरी ओरडलं.

मॉमॉ एलीजकडे वाकली. तिच्या हाताला कोळंबीचा वास होता. "पहिलाच जड लागतो," ती फक्त एलीजला ऐकू जाईल असं म्हणाली.

कोट खरंच जड होता. खिशातल्या लहानशा चौकोनी डबीचा कोपरा एलीजच्या गुडघ्याला टोचत होता. वर्ना फोनचा कॅमेरा धरून उभी होती. ब्लेनचा हात अजून पुढेच होता.

एलीजने कोटाची कॉलर सरळ केली, बाह्या आत दुमडल्या आणि एक शब्दही न बोलता तो त्याच्या हातात दिला.

ब्लेन हसतच खिसा शोधू लागला. डबी हाताला लागली तेव्हा त्याने वर पाहिलं. ती हसत नव्हती. तिने नजरही वळवली नाही. त्याचा हात खिशातच राहिला.

आधी ड्यूईच्या लक्षात आलं. वॉल्ट्झ मध्येच थांबला. वर्नाने फोन खाली घेतला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग सासूकडे पाहून ते मिटलं.

मॉमॉने नातवाच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ, पोरा," ती म्हणाली. "तिला वाट दे."