सोबतीला एकच बाई

"तोंडावर नको," कॉटवरून आई म्हणाली. "उद्या खिडकीत उभी राहिली तर शेजारणी विचारत बसतील."

ठोक्याने हात जरा खाली आणला आणि बायकोच्या खांद्यावर मारला. ती ओट्यावर आदळली. स्टीलचा डबा पडून घरंगळत कॉटखाली गेला. आज कारण मिठाचं होतं. काल कारण नव्हतंच.

ठोक्या हे त्याचं गॅरेजमधलं नाव. आपटलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गाडी कधी आपटली होती यावर मालकाचाही विश्वास बसू नये, इतका तो पत्रा साफ करायचा. घरी आला की मात्र उलटं काम सुरू. बायकोचा मोबाइलही त्याने पोचे काढायच्या हातोडीनेच फोडला होता.

कामाला निघताना तो दाराला बाहेरून कुलूप लावायचा.

"आई, लक्ष ठेव."

"डोळ्यांत तेल घालून ठेवते," आई म्हणायची आणि पुन्हा उजव्या कुशीवर वळून आपला मोबाइल बघत पडायची. असली सासू वैऱ्यालाही मिळू नये.

त्या मोबाइलवर आरोग्य केंद्राचे मेसेज यायचे. आई ते मोठ्याने वाचायची, घरात कुणी ऐको न ऐको.

"गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका. दहा मिनिटांची तपासणी जीव वाचवते."

"डिलीट कर ते," ठोक्या जेवता जेवता म्हणाला. "रोजची कटकट."

"कटकट काय? गाठ आहे घरात."

"कुणाला?"

आईने हनुवटीने सुनेकडे दाखवलं. "डावीकडे. लिंबाएवढी. मी हात लावून बघितलीय."

ओट्यापाशी सुनेचा हात थांबला.

"खरं?" ठोक्याने विचारलं.

तिने आधी सासूकडे पाहिलं. मग मानेनेच हो म्हटलं.

"मग मरू दे," तो म्हणाला आणि पाण्याचा तांब्या तिच्या दिशेने भिरकावला. तो भिंतीवर आपटला.

मेसेज थांबले नाहीत. आधी घाबरवणारे यायचे, मग गोड यायला लागले. "ताई, तुम्ही अजून आला नाहीत, आम्ही वाट बघतोय." एका व्हिडिओत वेळेवर गेलेली एक बाई हसत होती. ठोक्या तिच्या हसण्याची नक्कल करायचा. त्याच आठवड्यात त्याने बायकोची करंगळी दारात चेपली. पुढे एकदा मूठ वळून तिच्या छातीवर मारायला धावला, तेव्हा आई कॉटवरून किंचाळली.

"छातीवर नको! गाठ आहे तिथं!"

त्याचा हात जागच्या जागी थांबला. मग त्याने लाथ घातली.

"हे बघ," दुसऱ्या दिवशी आई त्याला समजावत होती, "ही पटकन मरायची नाही. अंथरुणात लोळत पडेल. तिचं काढणार कोण? माझं काढणार कोण? माझा हात वर जात नाही, फळीवरचा डबा काढवत नाही मला. तू करणार का दोघींचं?"

हे मात्र त्याला पटलं. त्या दिवशी आलेला मेसेज त्याने स्वतः दोनदा वाचला. "उशीर झाला तर घरच्यांचेही हाल होतात."

आईने मेसेजखालचं बटण दाबून नंबर लावून टाकला. सूचनाही तिनेच वाचून दाखवल्या. अंगावर दागिने नकोत. ओळखपत्र आणि सगळे जुने कागद आणावेत. सैल कपड्यांचा एक जोड आणावा. सोबतीला एकच बाई. पुरुषांनी बाहेर थांबावं.

"म्हणजे मी बाहेर?"

"बायका कपडे काढतात तिथं. तुला काय पाट मांडून बसवतील? मी आहे ना तिच्याबरोबर."

ठोक्याने कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. तिचे कागद इतकी वर्षं त्यातच होते. ते त्याने स्वतःच्या हाताने पिशवीत टाकले. दागिने आईने रुमालात गुंडाळले आणि तेही पिशवीत ठेवले.

केंद्रावर लांबलचक बोळ, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि शेवटी एक पांढरं दार होतं. दारात धिप्पाड सिस्टर उभी होती.

"पेशंट आणि सोबतच्या बाई, चला."

दोघी उठल्या. पिशवी सुनेच्या खांद्याला होती. ठोक्याने तिचं मनगट पिरगळलं.

"आत तोंड उघडलंस तर घरी गेल्यावर बघ."

"सोड रे," आई पुटपुटली. "वळ उठले तर आत दिसतात."

त्याने सोडलं. दार लागलं.

दहा मिनिटं कधीच होऊन गेली. ठोक्या बोळातून येरझाऱ्या घालत होता. जुनी गाडी दुरुस्त करावी की भंगारात काढावी, असा विचार त्याच्या मनात चालला होता. शेवटी त्याने दारावर मूठ आपटली.

सिस्टरने दार किलकिलं केलं. "चाललंय अजून."

"मेसेजमध्ये दहा मिनिटं म्हणाला होतात!"

"गाठ लागली की वेळ लागतो," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

म्हणजे गाठ आहे तर. ठोक्या खुर्चीत बसला. बायको बरी होऊन निदान स्वयंपाकाला उभी राहील का, हे विचारायचं त्याने ठरवलं.

दार उघडलं. आई एकटीच बाहेर आली. तिच्या अंगात केंद्राचा हिरवा, ढगळ झगा होता.

"ती कुठंय?"

"गेली."

"कुठं गेली?"

"मागच्या दारानं. मेसेजवाल्या बाईंना मी सगळं कळवलं होतं, त्यांनी गाडी पाठवली. आता लांब गेली असेल."

ठोक्याची मूठ वर गेली. बोळातल्या बायका खुर्च्यांवरून उठल्या, सिस्टर धावत आली. आई जागची हलली नाही.

"मार," ती म्हणाली. "पण उजवीकडे मार. डावीकडे गाठ आहे."