म्हाताऱ्याची लेक

"त्याचा पाय अजून वाकडा काढ," मॅडम म्हणाल्या. "मांडीचं हाड मोडून जुळलंय. त्यानंतर दहा-बारा वर्षं तरी जगलाय तो."

तिने खोडरबर उचललं. ती संग्रहालयाची चित्रकार, मॅडम उत्खननाच्या प्रमुख. हजारो वर्षांपूर्वीची ती कबर मातीसकट उचलून आणली होती आणि अजून वरची बाजूच तेवढी साफ झाली होती. आत एक म्हातारा आणि त्याला बिलगून एक तरुण मुलगी. चित्रात दाखवायचा होता म्हाताऱ्याचा अंत्यविधी.

"पायाने अधू माणूस. कुणी केलं असेल त्याचं एवढं?"

"कुणीतरी केलं, एवढं खरं. पुढचं हाडं सांगत नाहीत."

तिला मात्र सांगत होती. लेकीने केलं. पुढे लेकही गेली, तेव्हा तिला बापाजवळच ठेवलं.

घरी तिचे वडील, अण्णा, अंथरुणाला खिळलेले. धाकटा भाऊ फोनवर कळवळून सांगायचा, "ताई, त्यांना शुश्रूषागृहात ठेवू. मी आहे ना. दुसऱ्या शहरातली एवढी चांगली नोकरी चालून आलीय, जा तू."

"जा गं," अण्णाही म्हणाले. "माझं काय, आज आहे, उद्या नाही."

आणि रात्री जेवले नाहीत.

चित्रात तिने त्या मुलीला बापाच्या उशाशी बसवलं. त्याच्या कपाळावरून हात फिरवणारी, रडून डोळे सुजलेली. रंगवता रंगवता तिचं स्वतःचं मन थाऱ्यावर आलं. त्या पोरीने निभावलं, मग मलाच काय धाड भरलीय?

तिने नोकरी नाकारली.

"तुझ्यापुढे हात टेकले," भाऊ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. अण्णा त्या दिवशी पोटभर जेवले.

चित्र भिंतीवर चढायच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला. कबरीची खालची बाजू साफ झाली होती आणि हाडांच्या डीएनए तपासणीचा अहवालही आला होता.

"म्हातारा वयाने गेलाय. मुलगी धडधाकट होती, त्याच्या नात्यातलीही नव्हती. तिच्या डोक्यात मागून घाव घातलाय. दोघांना एकाच वेळी पुरलं."

तिने विचारलं, "मग तिला चित्रातून काढून टाकू?"

"छे, असू दे की. फक्त तिचे हात पाठीमागे बांधलेले दाखव."