एकजीव

टायटॅनियमचे दोन पत्रे भट्टीत तापवून, आत बसवलेल्या ठोकळ्यांमध्ये दाबून असे एकजीव करायचे होते की सांधा भिंगातूनही दिसू नये. जमलं तर विमानाच्या भागांचं काम, नाहीतर वर्कशॉपला टाळं. धुळीच्या कणानंही सांधा फसतो, म्हणून मालकांनी भट्टी स्वतः लख्ख पुसून पत्रे आत ठेवले होते. आज दार उघडलं. मेहुण्यानं पत्रा ओढला, पहारीनं ढोसला, तरी ढिम्म. “दाजी, दाबाच्या ठोकळ्यांवरचा पांढरा लेप कुठे गेला?” “लेप? मला वाटलं, चुना सांडलाय.” “अहो, पत्रा ठोकळ्याला चिकटू नये म्हणून लावला होता तो!” मालक मटकन बसले. तेवढ्यात विमानकंपनीच्या तपासनीस बाई भट्टीत वाकल्या, भिंग लावून बराच वेळ सांधा शोधत राहिल्या आणि खुशीत म्हणाल्या, “वा! कुठे जोडलंय कळतच नाही. काढा बाहेर.” मालकांनी बसल्या जागेवरूनच विचारलं, “बाई, भट्टीसकट चालेल?”